डोंगलला थेट विचारा

गोव्यात केरीला मामांच्या घरी पावसाळ्यात मोबाइलची रेंज येते आणि जाते. डोक्यावर चोर्ल्याचा घाट, भोवती ओलंचिंब कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. सिमकार्डाचा यूएसबी डोंगल लॅपटॉपला लावला की पडद्यावर दोन दांड्या दिसतात, पण त्या दोन दांड्यांवर कधी काम होतं, कधी होत नाही. म्हणून यंदा मी डोंगललाच विचारलं.

डोंगल आतून मोडेमच असतो, म्हणजे फोनच्या जाळ्यावरून डेटाची ने-आण करणारं यंत्र. लिनक्सवर तो सिरियल पोर्ट म्हणून दिसतो, म्हणजे मजकूर टाइप करून त्याच्याशी बोलता येतं. मिनिकॉमसारख्या प्रोग्रामने त्या पोर्टाला जोडून घ्यायचं, 'एटी' टाइप करून एंटर दाबायचं, की खाली उत्तर उमटतं : 'ओके'. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', इकडे लक्ष दे. ही बोली १९८१ सालच्या हेज स्मार्टमोडेमची. तो सेकंदाला जेमतेम ३०० बिट पाठवायचा. त्याची बोली मात्र आजच्या डोंगललाही कळते, याचं मला फार अप्रूप वाटतं. 'एटी'पुढे 'डी' आणि नंबर लिहिला की डायल, 'एच' लिहिला की फोन ठेवला. बोलायचा कॉल असेल तर नंबराच्या शेवटी अर्धविराम हवाच, नाहीतर मोडेम तो डेटाचा कॉल समजतो.

रेंजसाठी विचारायचं 'एटी+सीएसक्यू'. उत्तरात ० ते ३१ मधला आकडा येतो; मोडेमला अंदाजच येत नसेल तर ९९. आकड्याची दुप्पट करून ११३ वजा केले की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मिळते; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. माजघरात उत्तर आलं ९, म्हणजे उणे ९५. मग यूएसबीची लांब वायर लावून डोंगल पडवीच्या खांबाला बांधला. आता १५, म्हणजे उणे ८३. हा १२ डेसिबलचा फरक म्हणजे जवळजवळ १६ पट ताकद! दांड्या मात्र दोनाच्या तीनच झाल्या होत्या.

एसएमएसही इथूनच जातो. 'एटी+सीएमजीएस'पुढे नंबर दिला की बाणासारखं चिन्ह येतं. मजकूर लिहून कंट्रोल-झेड दाबायचं. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, देवनागरीला १६ लागतात. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जातात : 'ज्ञान' हा शब्द ५ जागा खातो.

मोडेमला 'यूसीएस२' लिपी वापरायला सांगितलं की प्रत्येक चिन्ह चार खुणांच्या युनिकोड क्रमांकाने लिहावं लागतं. देवनागरीचे हे क्रमांक ०९ने सुरू होतात. 'डोंगल पडवीत बांधलाय, आता फोन कर' हे मी तसं एकेक चिन्ह लिहून मडगावला बहिणीला पाठवलं. थोड्या वेळाने पडद्यावर तिचं उत्तर आलं : ०९३९०९०२.

०९३९ म्हणजे ह, ०९०२ म्हणजे अनुस्वार. ती म्हणाली होती, "हं".