काळी दुर्री, लाल दुर्री

२०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला आणि जेमतेम आठवड्याभरात गणपती आले. आमच्याकडे जागरणाला पत्ते निघतात. तीन पत्ती, तीही शेंगदाण्यांवर. त्या रात्री विषय साहजिकच कायद्यावर गेला आणि भाच्यानं विचारलं, "मामा, तुझी थाप मी तुझ्या चेहऱ्यावरून पकडतो. ऑनलाइन पोकरमध्ये चेहराच दिसत नाही, मग ते लोक एकमेकांना ओळखतात कसे?"

पोकर म्हणजे चेहरा वाचणं, हा समज फार पक्का बसलेला आहे. माझ्या मते या खेळातलं सगळ्यात सुंदर गणित चेहरा बाजूला काढल्यावरच दिसतं.

मी त्याच्यासमोर एक छोटा डाव मांडला. मध्ये ढिगात १०० शेंगदाणे. त्याच्याकडे राजा, हे दोघांनाही माहीत. माझ्याकडे एक्का किंवा दुर्री, शक्यता निम्मी-निम्मी, आणि काय आहे ते फक्त मला ठाऊक. मी एकतर आणखी १०० लावायचे, नाहीतर न लावता पानं उघडायची. मी लावले, तर त्यानं एकतर पान टाकून ढीग सोडायचा, नाहीतर स्वतःचे १०० घालून माझं पान बघायचं. मोठ्या पानाला सगळा ढीग.

मी सरळमार्गी खेळलो, म्हणजे फक्त एक्क्यावर लावले, तर भाचा थोड्याच डावांत ओळखतो आणि मी लावले की पान टाकतो. एक्का निम्म्या वेळा येणार, दर वेळी १०० मिळणार, म्हणजे डावामागे सरासरी ५०. मग प्रत्येक दुर्रीवर थाप मारली, म्हणजे एक्का असल्यासारखे १०० लावले तर? तो दर वेळी बघणार. एक्क्यावर मला २०० मिळतील, दुर्रीवर माझे १०० जातील. सरासरी पुन्हा ५०!

आता प्रत्येक एक्क्यावर लावायचे, पण थाप मारायची ती निम्म्याच दुर्रींवर. भाचा दर वेळी पान टाकू लागला, तर एक्क्याचे ५० आणि थापेचे २५, एकूण ७५. तो दर वेळी बघू लागला, तर एक्क्याचे १००, त्यातून थापेत गेलेले २५ वजा, उरले ७५. त्यानं काहीही केलं तरी माझे ७५ पक्के. कारण मी लावतो तेव्हा तीनांतून दोनदा एक्का असतो आणि एकदा दुर्री. बघणारा दोनदा शंभर-शंभर घालवतो आणि एकदा दोनशे कमावतो. हिशोब तिथेच.

पण निम्म्या कुठल्या? मनाला येईल तेव्हा थाप मारली, तर मनाची लय समोरचा पकडतो. म्हणून निवड पत्त्यांवरच सोपवायची. इस्पिक किंवा किलवरची काळी दुर्री आली की थाप, बदाम किंवा चौकटची लाल आली की गप्प. माझा निर्णय रंगावर ठरतो, तेव्हा चेहऱ्यावर वाचण्यासारखं फार काही उरत नाही. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली अशा खेळांचं मूळ प्रमेय सिद्ध केलं आणि पुढे १९४४च्या ग्रंथात अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह पोकरमधल्या थापेचं गणित मांडलं.

रक्कम बदलली की प्रमाणही बदलतं. ढीग 'ढ' आणि लावलेली रक्कम 'र' धरली, तर लावलेल्या डावांपैकी थापांचा वाटा र ÷ (ढ + २र) हवा. १०० च्या ढिगावर ५० लावले तर पाव, १०० लावले तर एक तृतीयांश, २०० लावले तर दोन पंचमांश. आणि २०० लावल्यावर माझी सरासरी ७५ वरून ८३ च्या पुढे जाते. आक्रमक खेळ किफायतशीर का ठरतो, ते इथे दिसतं: लावलेली रक्कम जितकी मोठी, तितक्या जास्त थापा तिच्या आडोशाला मावतात. मात्र हातात एकतर फार भारी पान हवं किंवा अगदी टाकाऊ. मधल्या पानावर असा जोर करून फायदा नाही.

मग समोरच्याला ओळखण्याचं काय? ऑनलाइन खेळात प्रत्येक चालीची नोंद राहते. कोण किती वेळा पानं टाकतो, किती वेळा रक्कम वाढवतो, यावरून माणूस कळतो. मी १०० वर १०० लावले की भाच्यानं खरं तर निम्म्या वेळा पान टाकायला हवं, म्हणजे माझ्या थापेत ना नफा ना तोटा. समजा, तो निम्म्याऐवजी ६० टक्के वेळा पान टाकतो. मग मी सगळ्याच दुर्रींवर थाप मारावी, सरासरी ८० होईल. पण त्याच्या हे लक्षात आलं आणि तो दर वेळी बघू लागला, की मी ५० वर येतो. पाचाच्या लोभात पंचवीस जातात.

शिवाय तो ६० टक्क्यांचा आकडा किती डावांवरून काढला? वीस वेळांतून बारा वेळा पान टाकणं निव्वळ योगायोगानंही सहज घडतं, तेवढ्यात ११ टक्के इकडे-तिकडे होतातच. चारशे वेळांवरून काढला तर ही चूक अडीच टक्क्यांवर येते. "आज माझं पान बसतंय" म्हणून डाव वाढवणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं: पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. आणि 'कौशल्याचा खेळ' म्हणून जाहिराती करणाऱ्यांनी हे कधी ठळक सांगितलं नाही, की प्रत्येक ढिगातून चालकाचं कमिशन जातं, त्यामुळे सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज तोट्याचीच होते.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कसिनोत चार कसलेले व्यावसायिक खेळाडू लिब्रेटस नावाच्या प्रोग्रामशी वीस दिवस खेळले, एकूण १,२०,००० डाव. कार्नेगी मेलन विद्यापीठातले टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तो तयार केला होता. ढिगाच्या कितीतरी पट रक्कम तो बेधडक लावायचा आणि खेळाडू बुचकळ्यात पडायचे. पण त्यांच्या सवयींचा फायदा उठवणं हे त्याचं कामच नव्हतं. चौघं दिवसभर त्याच्या खेळातल्या फटी शोधायचे, संध्याकाळी टिपणं जुळवायचे. त्यांनी कुठे बोट घातलं ते पाहून लिब्रेटस रात्रीतून आपल्याच फटी बुजवायचा. शेवटच्या दिवशी चौघं मिळून १७,६६,२५० डॉलरच्या चिप्सनी मागे होते.