डांबराचा संशय, सिगारेटवर शिक्कामोर्तब: रिचर्ड डॉल यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आकडेवारीनिशी मांडणाऱ्यांत ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड डॉल (1912–2005) यांचं नाव अग्रभागी आहे. गंमत म्हणजे ते तंबाखूच्या मागावर निघालेच नव्हते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1922 साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 612 मृत्यूंची नोंद होती. 1947 साली ती 9,287 वर गेली. मेडिकल रिसर्च कौन्सिल या ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने कारण शोधायला संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना सांगितलं आणि डॉल त्यांच्या जोडीला आले. डॉल यांचा पहिला संशय रस्त्यांवरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता. सिगारेट तर बहुतेक पुरुषांच्या हातात असायची, खुद्द डॉल यांच्याही; तिच्यावर संशय घेणार कोण?

लंडनमधल्या 20 हॉस्पिटलांत रुग्णांच्या मुलाखती झाल्या. कर्करोग झालेल्या 649 पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे फक्त 2 निघाले. इतर आजारांच्या तेवढ्याच पुरुषांत 27. मुलाखत घेणाऱ्यांनीच कळत-नकळत उत्तरांना वळण दिलं नसेल ना? या शंकेला उत्तर मिळालं ते चुकलेल्या निदानांमुळे. काही जणांना कर्करोग आहे असं धरून प्रश्न विचारले गेले होते, पण पुढे तो नसल्याचं कळलं. त्यांच्या सवयी कर्करोग नसलेल्यांशीच जुळत होत्या. या मुलाखतींवर दोघांनी 1950 मध्ये लिहिलेल्या लेखातला मला तरी हा सगळ्यात बिनतोड पुरावा वाटतो. डॉल यांनी सिगारेट सोडली तीही हे काम चालू असतानाच.

तरी लोकांना पटेना. मग 1951 मध्ये दोघांनी ब्रिटनभरच्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली. सुमारे 40,000 जणांनी उत्तरं दिली, आणि कोण कशाने दगावतं याची नोंद ठेवणं सुरू झालं. 1954 मध्ये आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी या संबंधाची सरकारी कबुली दिली, तीही पत्रकार परिषदेत एकामागून एक सिगारेट ओढत!

डॉक्टरांचा पाठपुरावा 50 वर्षं चालला. 2004 च्या अहवालानुसार, आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी 10 वर्षं लवकर जातात. तिशीत सोडली तर जवळपास सगळा धोका टळतो.

डॉल यांच्या निधनानंतर, 2006 मध्ये, मोन्सँटो या रसायनं बनवणाऱ्या कंपनीकडून ते सल्ल्यासाठी मानधन घेत असल्याचं उघड झालं. तंबाखूच्या निष्कर्षांना त्याने धक्का लागत नाही. पण रसायनांबद्दल त्यांनी दिलेली मतं मात्र हे मानधन ध्यानात ठेवूनच वाचावीत.