पार्श्वभूमी : ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ आणि विदर्भातला व्हिज्युअल एडिटर

शोधपत्रकारितेच्या डेस्कवर व्हिज्युअल एडिटरची खुर्ची आली ती अलीकडे. फोटो, व्हिडिओ, नकाशा किंवा उपग्रहचित्र बातमीतली नेमकी कोणती गोष्ट सिद्ध करतं, हे तिथे ठरतं. विदर्भाच्या तालुक्यांत हे काम खुर्चीच्या आधीपासून चालत आलं आहे, बहुतेकदा चुकतमाकत आणि वेगळा पगार नसताना. तालुक्याचा वार्ताहर, चौकातला फोटो स्टुडिओवाला आणि जिल्हा कार्यालयात पान लावणारा ऑपरेटर हे तिघं मिळून ते उरकायचे.

जस्ताच्या ब्लॉकचा, म्हणजे फोटो छापायच्या धातूच्या ठशांचा, काळ थोडक्यात आटोपू. ब्लॉक महाग असल्यामुळे पुढाऱ्यांचे चेहरे खणात जपून ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा छापायचे. पुढे ऑफसेट आलं तरी फोटोचा रोल एसटीच्या कंडक्टरच्या हातीच जायचा आणि नागपूर किंवा अमरावतीच्या स्टँडवर कुणीतरी तो उतरवून घ्यायचं. बातमी आज आणि फोटो परवा, असा हिशेब होता. हाताशी असलेला जुना फोटो लावून द्यायची सवय तेव्हाची, आणि पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ तिच्यातच आहे.

खरी गुंतागुंत सुरू झाली २००५-०६ मध्ये. डिसेंबर २००५ मध्ये शेतकरी आत्महत्यांवर राज्याचं १,०७५ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पुढच्या जुलैत पंतप्रधान येऊन गेले आणि केंद्राचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा हे सहा जिल्हे ‘आत्महत्याग्रस्त’ म्हणून कागदावर आले आणि देशभरचे कॅमेरे तिकडे वळले. महिनाभरात चित्र ठरून गेलं : मातीची भिंत, हार घातलेला नवऱ्याचा फोटो, त्याखाली बसलेली बाई, मांडीवर पोर. भिंतीवरचा तो फोटो अनेकदा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून स्टुडिओवाल्याने मोठा केलेला असे, त्यामुळे मयताच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात राहिलेला दिसायचा.

त्याच सुमारास मदतीचे निकष आले. एक लाखाची मदत, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी सातबारा नावावर हवा, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवणार. बायकांच्या नावावर वावर नसायचं, ठोक्याने, म्हणजे भाड्याने, शेती करणाऱ्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावाचा, आणि अवैध सावकार चिठ्ठी देत नाही. अशा घरांत पुरावा म्हणून उरायचं काय? कृषी केंद्राचं उधारीचं बिल, वहीतली नोंद, बँकेची नोटीस. त्या घरातून बाईचा चेहरा आला पण नोटिशीचा फोटो आलाच नाही, असं कितीतरी बातम्यांत झालं. माझ्या मते त्या वर्षांतली सगळ्यात मोठी चूक ही होती. रडणारा चेहरा पहिल्या पानावर गेला आणि अपात्र ठरलेल्या प्रकरणाची बाजू मांडणारा कागद कॅमेऱ्यासमोर आलाच नाही.

आता शीर्षकातल्या ‘प्रातिनिधिक’ या शब्दाकडे येऊ. वर्तमानपत्रात फोटोओळीला तीन पळवाटा आहेत : ‘संग्रहित’, ‘प्रातिनिधिक’ आणि ‘सौजन्य’. संग्रहित म्हणजे फोटो खरा, पण आजचा नव्हे. त्यात तारीख लिहिली तर तक्रारीला जागा राहत नाही, आणि तारीखच लिहिली जात नाही. सौजन्य म्हणजे कुणीतरी पाठवला आहे. कुणी आणि का, हे गुलदस्त्यात. प्रातिनिधिक हा शब्द सगळ्यांत निसरडा. काही डेस्कवर त्याचा अर्थ ‘घटना हीच, माणूस दुसरा’ असा घेतात, काही ठिकाणी ‘जिल्हा हाच, साल कुठलंही’, तर काही ठिकाणी नेटवरून उचललेलं तेलंगणातलं कापसाचं शेतही प्रातिनिधिकच ठरतं. यवतमाळच्या आत्महत्येच्या बातमीवर धानाच्या बांधीत बसलेला शेतकरी मी स्वतः छापलेला पाहिला आहे. धान भंडारा-गोंदियाकडचं, पऱ्हाटी (कपाशी) वऱ्हाडातली. गावातल्या वाचकाला हे एका नजरेत कळतं आणि मग खालच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्यांत तर एकाच पोराचा चेहरा वर्षानुवर्षे फिरत राहतो. ते पोर एव्हाना मिसरूड फुटलेला पोरगा झालं असेल, किंवा जगलंही नसेल. ‘प्रतिनिधी’ नेमताना त्याला कुणी विचारलं होतं?

दुसरा वाद चेहऱ्याचा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख लपवण्याबाबत कायदा स्पष्ट आहे, लहान मुलांबाबतही. विधवेबाबत तो गप्प आहे. चेहरा धूसर करावा असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे : मदतीचा चेक घेतानाचा फोटो छापला की दुसऱ्या दिवशी सावकार दारात. विरुद्ध बाजूही तितकीच खरी. आपल्याकडे झाकलेलं तोंड म्हणजे पोलिसांनी बुरखा घालून उभा केलेला आरोपी. नवरा गेलेल्या बाईला त्या रांगेत का बसवायचं? २०१९ मध्ये पत्रकारितेवर देखरेख ठेवणाऱ्या वैधानिक संस्थेने आत्महत्येच्या बातमीत फोटो, व्हिडिओ वापरू नयेत अशी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. ती मनोविकाराच्या अंगाने लिहिलेली आहेत. कर्जाच्या तगाद्याचा पुरावा दाखवायचा तर काय करायचं, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

२०१७ च्या कपाशीवरच्या कीटकनाशक फवारणीने डेस्कची नजर बदलली. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले आणि शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले. व्हॉट्सॲपवर फोटोंचा पूर आला. त्यातला कुठला त्याच वर्षीचा? व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली वेळेची आणि कॅमेऱ्याची नोंद पुसली जाते; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. ती नोंद असली तरी भरवसा नाही, कारण तालुक्यातल्या कॅमेऱ्यांचं घड्याळ बॅटरी बदलल्यावर भलत्याच सालात जातं. अशा वेळी पीक साक्ष देतं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा तोंडावर येण्याचं तेही एक कारण सांगितलं गेलं. गुडघाभर कपाशीतला पंपवाला म्हणजे फोटो दुसऱ्या कधीचा. बोंडं पांढरी फुटलेली दिसत असतील तर तो ऑगस्टमधला नव्हेच. हे ज्ञान कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं, वावरात वाढलेल्या उपसंपादकाकडे होतं.

पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ, ‘नरभक्षक’ ठरवलेल्या टी-१ (अवनी) वाघिणीला गोळी घातली गेली. तिच्या अंगात डार्ट (बेशुद्धीच्या औषधाची सुई) रुतलेला असल्याचा फोटो बाहेर आला : आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न झाला, याचा जणू दाखला. नंतरच्या चौकशीत मात्र तो डार्ट हाताने टोचलेला असावा असा निष्कर्ष निघाला. फोटो खरा होता, वेळ खरी होती, जागा खरी होती, आणि तरीही त्यात मांडलेली गोष्टच संशयात सापडली. फोटोत फेरफार झाला आहे का, एवढंच तपासणाऱ्या डेस्कला हे सापडलंच नसतं.

उपग्रहचित्रांचा बोलबाला त्यानंतरचा. १९८४ पासूनची मोफत चित्रं ३० मीटरच्या ठिपक्याची (एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब-रुंद), म्हणजे एकरभर वावर साडेचार ठिपक्यांत संपतं. २०१५ पासून १० मीटरची मिळतात, तेव्हा एकराला चाळीसेक ठिपके येतात. पावसाळ्यात, ऐन खरिपात, ढगांखाली काहीच दिसत नाही, ही अडचण वेगळी. पण गोसेखुर्दसारख्या सिंचन प्रकल्पात ही चित्रं कामाची आहेत. १९८८ मध्ये पायाभरणी झाली, ३७२ कोटींचा अंदाज पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. तुडुंब धरणाचा फोटो दरवर्षी छापून येतो. वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) शेवटच्या टोकाला रब्बीत हिरवं आहे का, हे वरूनच कळतं.

१ जुलै २०२४ पासून नवा पुरावा कायदा लागू आहे. डिजिटल पुराव्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारी सांकेतिक ओळख) लिहावं लागतं, आणि उपकरण ज्याच्या ताब्यात असतं त्याच्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते. मूळ फाइल असते तालुक्याच्या वार्ताहराच्या मोबाइलमध्ये. त्याला पैसे मिळतात ते छापून आलेल्या बातमीमागे, आणि मेमरी भरली की तो सगळ्यात आधी व्हिडिओ उडवतो.