अ‍ॅटनबरो एवढे कमी का? आडनावं बुडतात कशी, त्याचं गणित

निसर्गावरचे माहितीपट करणाऱ्या ब्रिटिश डेव्हिड अ‍ॅटनबरोंबद्दलचा एक फॉरवर्ड मध्यंतरी सगळ्या ग्रुपांवर फिरत होता. त्यात म्हटलं होतं की एवढं दुर्मिळ आडनाव म्हणजे नक्कीच प्राचीन सरदार घराणं, हे बघा त्यांचं राजचिन्ह, आणि खाली कुठल्यातरी साईटची लिंक, जिथे पैसे भरले की तुमच्याही आडनावाचं चिन्ह फ्रेम करून मिळतं. आता इंग्लंडमध्ये असली चिन्हं द्यायचं काम कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था १४८४ पासून करतेय आणि तिथला नियम अगदी सरळ आहे, चिन्ह माणसाला मिळतं, त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही. त्यामुळे "अमुक आडनावाचं राजचिन्ह" असं काही नसतंच, फ्रेमचे पैसे तेवढे खरे.

पण आडनाव दुर्मिळ का असतं हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर इतिहासापेक्षा गणितात जास्त आहे.

आधी आडनाव आलं कुठून ते उरकून घेऊ. इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधी साध्या माणसाला वंशपरंपरेनं चालणारं आडनाव नव्हतं. मग आधी जमीनदारांनी घेतली, हळूहळू खाली झिरपत साधारण १४०० पर्यंत बहुतेक लोकांना आडनाव चिकटलं. कुणाला धंद्यावरून (स्मिथ, म्हणजे लोहार), कुणाला बापावरून (जॉन्सन), कुणाला टोपणनावावरून (शॉर्ट) आणि कुणाला गावावरून. अ‍ॅटनबरो हे गाव. नॉटिंगहॅमच्या नैऋत्येला ट्रेंट नदीच्या काठावर आहे, जुनं चर्च आहे, आणि खडी काढून झालेल्या खाणींत पाणी साठून तयार झालेलं एक पक्षी अभयारण्य आहे ज्याचं उद्घाटन १९६६ मध्ये खुद्द डेव्हिड अ‍ॅटनबरोंनी केलं.

गावावरून आडनाव पडण्याची गंमत आपल्याला वेगळी सांगायला नको, पुण्यात राहून कुणी पुणेकर आडनाव लावत नाही, पुणं सोडून दुसरीकडे गेलं की लोक पुणेकर म्हणायला लागतात. तसंच अ‍ॅटनबरो गाव सोडून जो शेजारच्या गावात गेला तो अ‍ॅटनबरो झाला. आणि हे लोक फार लांब गेलेच नाहीत! डेव्हिड आणि रिचर्ड या भावांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ चा, स्टेपलफर्डचा, म्हणजे मूळ गावापासून फक्त काही किलोमीटरवर. सहाशे वर्षांत एवढाच प्रवास. १८८१ च्या जनगणनेवरून इंग्रजी आडनावांचे नकाशे काढतात, त्यातही अ‍ॅटनबरोंचा मुख्य घोळका नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर याच भागात दिसतो. दुर्मिळ आडनावांचं हे नेहमीचं आहे, स्मिथ आज देशभर पाच लाखांच्या वर सांडलेले आणि हे आपले एका कोपऱ्यात.

(रिचर्ड अ‍ॅटनबरो म्हणजे तेच, गांधीजींवर सिनेमा काढणारे, ज्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या होत्या आणि ज्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैयांना भारतातलं पहिलं ऑस्कर मिळालं.)

तर हे फ्रेडरिक अ‍ॅटनबरो स्वतः अँग्लो-सॅक्सन काळातल्या कायद्यांचे अभ्यासक, आणि १९३२ ते १९५१ लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रिन्सिपल. पुढे त्याची लेस्टर युनिव्हर्सिटी झाली, तिथेच १९८४ मध्ये अ‍ॅलेक जेफ्रिजनी डीएनए फिंगरप्रिंटिंग (डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत) शोधलं, आणि तिथेच टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी इंग्रजी आडनावांचा डीएनए तपासायला घेतला. आणि निवडलेल्या आडनावांत एक होतं अ‍ॅटनबरो!

डीएनएचा आडनावाशी संबंध काय, तर वाय क्रोमोसोम (क्रोमोसोम म्हणजे पेशीतला डीएनएचा लांब धागा). तो फक्त पुरुषात असतो आणि बापाकडून मुलाला जवळजवळ जसाच्या तसा जातो, बाकीचे क्रोमोसोम जसे दर पिढीत आईबापांचे मिसळून येतात तसा हा मिसळत नाही. आडनावही तिकडे बापाकडूनच. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वाटेने चालल्यात. वायवर काही जागा अशा असतात की तिथे डीएनएच्या चार अक्षरांचा एक तुकडा, समजा जी-ए-टी-ए, लागोपाठ दहा-पंधरा वेळा येतो. कॉपी होताना क्वचित गडबड होते आणि १४ चे १५ किंवा १३ होतात. किती क्वचित? एका जागेला एका पिढीत साधारण हजारात दोनदा. लेस्टरवाल्यांनी अशा १७ जागा मोजल्या. आता गुणाकार करा, १७ जागा, २० पिढ्या, हजारात दोन, उत्तर येतं ०.६८. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषापासून आजच्या माणसापर्यंत १७ पैकी सरासरी एकही जागा धड बदललेली नसते, आणि एकाच मूळ पुरुषाच्या आजच्या दोन वंशजांत एखाद-दोन जागांचाच फरक असतो. आकडे जुळले तर नातं आहे, सात-आठ जागी फरक असेल तर नाही, इतकं स्वच्छ.

२००९ च्या त्यांच्या पेपरात ४० आडनावं आणि १,६७८ पुरुष होते. स्मिथांचे वाय इतके वेगवेगळे निघाले की रस्त्यावरून कुणालाही उचलून तपासावं तसे, साहजिकच आहे, लोहार गावोगाव होते. आणि अ‍ॅटनबरो? ७० टक्क्यांहून जास्त जणांचा वाय एकच किंवा जवळजवळ एकच.

इथे बहुतेक बातम्या थांबल्या, "सगळे अ‍ॅटनबरो एकाच पुरुषाचे वंशज" असं म्हणून. पण थांबा, गाव सोडून जाणारा माणूस एकच होता कशावरून? पाच-दहा जणांना वेगवेगळं ते आडनाव पडलं असेल, मग बाकीचे गेले कुठे? इथे माझं आवडतं गणित येतं, त्यामुळे आता जरा रमणार आहे, सांभाळून घ्या.

१८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एका शैक्षणिक मासिकात कोडं टाकलं. त्या वेळी चर्चा अशी की इंग्लंडातली मोठमोठी घराणी नामशेष होतायत, सुखासीन आयुष्याने यांची प्रजननशक्ती घटते वगैरे. गाल्टनची बाकीची मतं, माणसांची पैदास सुधारायची वगैरे, भयंकर होती, पण इथे त्याने योग्य शंका काढली की हा निव्वळ योगायोगाचा खेळ तर नाही? उत्तर दिलं हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने.

समजा गावात १०० पुरुष आहेत, शंभरांची शंभर आडनावं. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा होतो, म्हणजे लोकसंख्या वाढत नाही, घटतही नाही. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एक नव्हे, कुणाला तीन, कुणाला एक, कुणाला शून्य. योगायोगावर सोडलं तर साधारण ३७ जणांना एकही मुलगा नसेल (मुली असतील, पण त्या लग्न होऊन आडनाव बदलणार). म्हणजे पहिल्याच पिढीत ३७ आडनावं खलास. कुणाला रोग नाही, शाप नाही, काही नाही. दुसऱ्या पिढीनंतर उरली ४७, तिसऱ्यानंतर ३७, पाचव्यानंतर २७, दहाव्यानंतर १६ आणि विसाव्या पिढीनंतर फक्त ९. गावात पुरुष अजूनही सरासरी शंभरच, पण नऊ आडनावांचे, दरेकी साधारण अकरा.

आता समीकरण, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. आडनाव कधीतरी बुडण्याची शक्यता क्ष माना. माणसाला मुलगा नसेल तर बुडालंच, एक असेल तर त्या एकाची शाखा बुडायला हवी (क्ष), दोन असतील तर दोघांच्याही (क्ष गुणिले क्ष), तीन असतील तर क्षचा घन, असं पुढे. म्हणून क्ष = शून्य मुलांची शक्यता + एकाची × क्ष + दोनाची × क्ष² + वगैरे. या समीकरणाला क्ष = १ हे उत्तर नेहमीच लागू पडतं, कारण सगळ्या शक्यतांची बेरीज एकच असते. वॉटसनने तेच उत्तर उचललं आणि जाहीर केलं की सगळीच आडनावं शेवटी बुडणार! पण सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे असतील तर या समीकरणाला एकाहून लहान असं अजून एक उत्तर असतं आणि खरं उत्तर ते लहान असतं. सरासरी १.१ घेतली तर ते येतं ०.८२. म्हणजे पिढीमागे दहा टक्क्यांनी लोक वाढत असले तरी शंभरातली ८२ आडनावं बुडतातच, १८ मात्र कायमची तरतात. ही चूक नीट दुरुस्त व्हायला १९३० उजाडलं. डेन्मार्कच्या एर्लांगला, टेलिफोनच्या रांगांचं गणित मांडणारा तोच, हाच प्रश्न पडला होता कारण त्याच्या आईच्या माहेरचं क्रारुप हे आडनाव बुडायला आलं होतं. तो १९२९ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी स्टेफनसेन या डॅनिश गणितज्ञाने उत्तर छापलं. आणि १९२७ मध्ये जीवशास्त्रज्ञ जे.बी.एस. हॉल्डेनने (जो पुढे भारतात येऊन भारतीय नागरिक झाला आणि भुवनेश्वरला वारला) हेच गणित आडनावाच्या जागी नवं म्युटेशन (डीएनएत आपोआप झालेला बदल) ठेवून वापरलं आणि दाखवलं की फायद्याचं म्युटेशनसुद्धा बहुतेक वेळा पहिल्या काही पिढ्यांतच हरवून जातं.

परत अ‍ॅटनबरोंकडे. समजा सुरुवातीला दहा वेगळे अ‍ॅटनबरो होते. वीस पिढ्यांत त्यातला एखादाच वंश टिकणार हे आत्ताच पाहिलं. त्यात १३४८-४९ ची प्लेगची साथ, जिने इंग्लंडातली निम्म्याच्या आसपास माणसं नेली, आणि तीही नेमकी आडनावं रुजत असताना. त्यामुळे आज ७० टक्क्यांहून जास्त लोकांचा वाय एक असणं म्हणजे सुरुवात एकाच पुरुषापासून झाली याचा पुरावा नाही, शेवटी तरलेला एक आहे एवढाच पुरावा आहे. दुर्मिळ आडनाव म्हणजे उच्च कुळ नव्हे, म्हणजे निव्वळ नशिबाने कसाबसा वाचलेला वंश.

मग उरलेल्यांचं काय? लोकांचा आवडता विषय! "दहातल्या एका मुलाचा बाप वेगळाच असतो" असं ठोकून दिलेलं वाक्य इंटरनेटवर सगळीकडे सापडतं. करून बघा हिशोब. दर पिढीत १० टक्के दुवे तुटत असतील तर वीस पिढ्यांनी मूळ वाय उरेल फक्त १२ टक्क्यांत. १ टक्का धरलं तर ८२ टक्क्यांत, २ टक्के धरलं तर ६७ टक्क्यांत. अ‍ॅटनबरोंचा आकडा कुठल्या बाजूला बसतो ते दिसतंच आहे. आणि त्या एक-दोन टक्क्यांतही सगळं लफडंच असतं असं नाही, दत्तक मुलं, आईचं आडनाव लावणारी मुलं, इस्टेटीसाठी सासऱ्याचं आडनाव घेणारे जावई, सगळे त्यातच. ऑक्सफर्डच्या ब्रायन साईक्सने २००० मध्ये स्वतःच्याच आडनावाचे ४८ पुरुष तपासले, २१ जणांचा वाय एक निघाला, आणि त्यावरून त्यानेही पिढीमागे १.३ टक्केच काढले.

आता आपल्याकडचं एक. "गोत्रव्यवस्था म्हणजे वाय क्रोमोसोमचं विज्ञान, ऋषींना आधीच माहीत होतं" हाही फॉरवर्ड जोरात असतो. वायवर प्रथिनं बनवणारी जीन्स शंभराच्या आसपास, माणसात एकूण वीस हजारांच्या आसपास. वीस पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या जागा दहा लाखांच्या वर होतात, गोत्र किंवा आडनाव त्यातल्या एकाबद्दल बोलतं. आणि मामाची मुलगी गोत्राच्या चाळणीतून आरामात सुटते, जिच्याशी आपला सरासरी एक अष्टमांश डीएनए जुळतो. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज (आईबाप सख्खे मामे-आतेभावंडं) १८७५ मध्ये एकाच आडनावाच्या नवरा-बायकोंवरून इंग्लंडात चुलत-मावस लग्नं किती होतात ते मोजत होता, त्यालाही हा घोळ लक्षात आला होता की आईकडून नातं असलं तर आडनाव वेगळंच असतं, म्हणून त्याने वेगळा हिशोब जोडला. ऋषींचं राहू द्या.

आणि सगळ्यात भारी केस शेवटी. लेस्टरच्याच टीमला पूर्व यॉर्कशरकडचं आडनाव असलेल्या एका इंग्रज माणसात ए१ नावाचा वायचा प्रकार सापडला, जो जवळपास फक्त पश्चिम आफ्रिकेत मिळतो. या माणसाला आपल्या घराण्यात आफ्रिकेचं काही आहे याची कल्पनाच नव्हती. मग त्याच्या आडनावाचे अजून पुरुष शोधले. आडनाव अतिशय दुर्मिळ, पेपरात छापलेलंच नाही, लोकांच्या खासगीपणासाठी. एकूण १८ जण तपासले, सात जणांत तोच आफ्रिकी वाय! त्यांच्या वंशावळी मागे नेल्या तर दोन शाखा मिळाल्या, एक १७८८ मध्ये जन्मलेल्या माणसापाशी थांबते, दुसरी १७८९ मध्ये, दोघेही यॉर्कशरचेच, आणि दोघांना जोडणारा कागद सापडत नाही. चर्चच्या नोंदी १५३८ पासून सुरू होतात पण मध्ये पानंच्या पानं गायब असतात. वायवरून एवढं कळतं की या दोन शाखांचा एकच मूळ पुरुष त्याआधी होऊन गेला. तो आफ्रिकेतून गुलामांच्या व्यापारात आला की त्याच्याही कित्येक पिढ्या आधी रोमन सैन्याबरोबर, ज्यात आफ्रिकी सैनिक हेड्रियनच्या भिंतीवर (उत्तर इंग्लंडातली रोमनांची सरहद्दीची भिंत) होते, हे १७ जागांच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. त्या सातही जणांचा बाकीचा डीएनए अर्थातच इतर कुठल्याही यॉर्कशरच्या माणसासारखाच असणार, कारण एवढ्या पिढ्यांत बाकी सगळं अर्धं-अर्धं होत विरून जातं, वाय तेवढा तसाच राहतो.