नाक घडवणाऱ्याचे नाव

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४मध्ये एक पत्र छापून आले. विषय होता पुण्याजवळ झालेली एक शस्त्रक्रिया. कावसजी नावाचा शेतकरी जातीतला एक मराठा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच वावरला आणि मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवले.

मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. त्यामुळे पत्रातले वर्णन नेमके आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोलून काढायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टा तसाच जोडलेला ठेवायचा. मग ती कातडी पिळा देऊन खाली वळवायची आणि नाकाच्या कडांमध्ये खाचा करून बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात कापडावर पसरून लावायचा. कातडी नव्या जागी रुजली, की पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो पट्टा कापून टाकायचा.

सगळी मेख त्या पट्ट्यात आहे. कातडी मुळापासून तोडली तर तिला रक्त मिळत नाही आणि ती काळी पडून मरते. भुवयांच्या आतल्या टोकापाशी एक लहान धमनी कपाळाकडे वर चढते. पट्टा शाबूत असेपर्यंत तिचे रक्त त्या कातडीला मिळत राहते. दरम्यान नाकाच्या कडांमधून नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात आणि मग पट्ट्याची गरज उरत नाही. कातडीच्या कर्करोगात नाकाचा भाग काढावा लागला, तर आजचे प्लास्टिक सर्जन याच धमनीवर कपाळाची कातडी जगवतात आणि बहुधा तीन आठवड्यांनी पट्टा तोडतात. सुश्रुतसंहितेत नाक घडवण्याचे वर्णन आहे, पण ते गालाच्या कातडीचे. कपाळाची कातडी वापरण्याची ही पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांच्या हातात होती.

त्या पत्रात रुग्णाचे नाव आहे, पाहणाऱ्यांची नावे आहेत. ज्याने हे नाक घडवले त्याची मात्र फक्त जात आहे: विटा पाडणाऱ्यांपैकी एक. आपल्याकडे विटा पाडण्याचे काम कुंभार करत आले म्हणून त्याला पुण्याचा कुंभार म्हटले जाते. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये ही पद्धत वापरली आणि १८१६मध्ये तिच्यावर पुस्तक छापले. पुढे युरोपात ती 'इंडियन मेथड' म्हणून रूढ झाली. एका माणसाच्या हातातले कसब आख्ख्या देशाच्या नावावर गेले. मला यात अभिमानापेक्षा हळहळ जास्त वाटते.

वैद्यकात एखाद्या गोष्टीला माणसाचे नाव चिकटते, ते बहुतेक वेळा त्याने ती लिहून ठेवली म्हणून, आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांनी ते लिखाण वाचले म्हणून. पावसाळ्यात पुण्यातल्या घराघरात जिचे नाव निघते ती विडाल टेस्ट घ्या. फर्नांद विडाल यांनी १८९६मध्ये पॅरिसमध्ये दाखवले, की टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तद्रवात टायफॉइडचे जंतू टाकले तर ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. पण जंतूंच्या अशा गुठळ्या होतात हे त्याच वर्षी माक्स फॉन ग्रुबर आणि हर्बर्ट डरहॅम या जोडीने व्हिएन्नात मांडले होते. काही जुन्या पुस्तकांत 'ग्रुबर-विडाल' असे जोडनाव दिसते. रोजच्या बोलण्यात ग्रुबर गळाले, डरहॅम तर कधी आलेच नाहीत. ही टेस्ट ज्यावर चालते ती प्रतिद्रव्ये (अँटिबॉडीज) रक्तात साधारण दुसऱ्या आठवड्यात पुरेशी वाढतात, शिवाय जुन्या संसर्गाची किंवा लशीचीही असू शकतात. म्हणून ताप आल्याच्या तिसऱ्या दिवशी 'विडाल करून टाका' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. त्या वेळी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, अधिक भरवशाचे.

तरीही माणसाचे नाव देण्यात कधीकधी मोठे शहाणपण असते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७मध्ये थरथरत्या लकव्यावर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्ण होते आणि त्यातले काही त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते. आजाराला त्यांचे नाव दिले ते कित्येक वर्षांनी पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी. त्यांचे म्हणणे असे, की या रुग्णांचे स्नायू लुळे पडत नाहीत आणि प्रत्येकाला कंपही नसतो, मग 'थरथरता लकवा' कसे म्हणायचे? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा स्वमदत गट आहे. अशा गटात बसले की शार्कोंचे म्हणणे लगेच पटते. कोणाचा हात अजिबात हलत नाही, पण शर्टाचे बटण लावायला वेळ लागतो. कोणाचे अक्षर बारीक होत जाते. आपल्याकडच्या 'कंपवात' या नावामुळे कंप नसलेल्या माणसाच्या घरच्यांना हा आजार सुचतच नाही.

कुष्ठरोगाला 'हॅन्सनचा आजार' म्हणावे असा आग्रह धरला गेला तो वेगळ्या कारणाने. 'महारोगी' म्हणून गावाबाहेर काढलेल्या माणसांना त्या शब्दाच्या ओझ्यातून सोडवायचे होते. गेरहार्ड आर्माउअर हॅन्सन यांनी नॉर्वेतल्या बेर्गेनमध्ये १८७३ साली रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले. हा आजार रक्तातून, घराण्यातून येतो असे मानणाऱ्या काळात त्यांनी तो जंतूंमुळे होतो असे सांगितले. यात त्यांचे सासरे डानिएल्सेन हे त्यांचेच मोठे विरोधक होते. पण जंतू संसर्ग करतो हे सिद्ध करण्यासाठी हॅन्सन यांनी पुढे एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. १८८०मध्ये कोर्टाने त्यांना दोषी धरले आणि रुग्णालयातले त्यांचे पद गेले. ज्या रुग्णांची मानहानी टाळायला हे नाव पुढे केले, त्यांच्यातल्याच एकीचा मान त्या नावाच्या धन्याने राखला नव्हता. तरीही हे नाव वापरावे असेच मला वाटते, पण ही गोष्ट माहीत असताना.

मराठी माणसांच्या शोधांवर त्यांची नावे का नाहीत, असे कोणी विचारले की मला डॉ. वाय. एम. भेंडे आठवतात. १९५२मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्याच रक्तगटाची नोंद केली. या गटाच्या लोकांच्या तांबड्या पेशींवर 'एच' हा पायाभूत घटकच नसतो. 'ए' आणि 'बी' त्याच्यावरच उभे राहत असल्याने तेही नसतात. साध्या तपासणीत रक्त 'ओ' दिसते, पण 'ओ' रक्त चढवले तर जिवावर बेतते, कारण 'ओ' पेशींवर 'एच' भरपूर असतो. या गटाचे नाव 'बॉम्बे' पडले. शहराचे नाव बदलले, तरी रक्तगटाचे तेच राहिले.

गावांच्या नावांचा ताप पुण्याला ठाऊक आहे. १९५२मध्ये इथे व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५७मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू शोधला. सिंधुदुर्गात लोक त्याला माकडताप म्हणतात. १९६५मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून दुसरा विषाणू वेगळा केला, तो झाला 'चांदीपुरा'. मुलांना मेंदूज्वर देणाऱ्या या विषाणूची साथ गुजरातेत आली तरी बातमीत नाव चांदीपुऱ्याचेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितले, की नव्या संसर्गजन्य आजारांना माणसांची, गावांची, प्राण्यांची नावे देऊ नयेत.

जुनी नावेही बदलत आहेत. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणून नाक, फुप्फुसे आणि मूत्रपिंडांवर घाला घालणारा एक आजार फ्रीडरिश वेगेनर यांच्या नावाने ओळखला जाई. हे जर्मन डॉक्टर नाझी पक्षाचे सदस्य होते. म्हणून २०११पासून संधिवात आणि मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांच्या संस्थांनी 'ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस', थोडक्यात जीपीए, हे नाव पुढे आणले. ज्यांचे निदान त्याआधी झाले त्यांच्या फायलीत जुने नाव असेल आणि नव्या रिपोर्टवर जीपीए. आजार तोच आहे, आणि विमा कंपनीला कागद देताना दोन्ही नावे एकाच आजाराची असल्याचे डॉक्टरांकडून लिहून घेतले तर पुढचे हेलपाटे वाचतात.