मसाल्यांचे आयात-निर्यात भाव (भारत)

भारतात येणाऱ्या आणि भारतातून बाहेर जाणाऱ्या मिरी, मिरची, हळद, जिरं, वेलची, लवंग वगैरे मालाला देशाच्या सीमेवर जो दर लागतो तो मसाल्यांचा आयात-निर्यात भाव. व्याख्या एवढीच, पण "आज जिऱ्याचा भाव काय" असं विचारलं की गुजरातमधल्या ऊंझ्याचा व्यापारी २० किलोचा आकडा सांगतो, मुंद्रा बंदरातून माल पाठवणारा डॉलर प्रति टन सांगतो, वाशीच्या मसाला मार्केटातला गाळेवाला किलोचा सांगतो आणि सरकारी आकडेवारीत चौथाच काहीतरी असतो. आणि चौघंही खरं बोलत असतात.

कारण प्रत्येकाच्या भावात धरलेला खर्च वेगळा. मंडईचा भाव म्हणजे उघड लिलावात पोत्याला लागलेली बोली, त्यावर आडत, हमाली, तोलाई, बाजार फी वेगळी. तिथून माल साफ करून, चाळून, पॅक करून, बंदरापर्यंत नेऊन जहाजावर चढवला की होतो एफओबी भाव, आणि त्यात जहाजभाडं नि विमा घातला की सीआयएफ. आपल्याकडं निर्यातीची नोंद एफओबीनं होते आणि आयातीची सीआयएफनं, त्यामुळं एकाच मसाल्याचे आयात आणि निर्यात आकडे शेजारी ठेवून "बघा, बाहेरून महाग घेतो नि स्वस्त विकतो" असं म्हणणाऱ्यांनी आधी भाडं वजा करावं. २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्राचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हा युरोपात सीआयएफ भाव वर गेले, त्यात शेतकऱ्याला काही मिळालं असं नाही, मधलं भाडंच फुगलं होतं.

बाहेरचा भाव, भाडं, ड्युटी, रुपयाचा दर हे सगळं धरून सौदा परवडतो की नाही याच्या हिशोबाला बाजारात पडतळ म्हणतात. पडतळ बसली की बोटी भरतात, नाही बसली की फोन वाजायचे थांबतात.

सरकारी चौथ्या भावाची गोष्ट वेगळी. कस्टम्सकडं नोंदवलेली एकूण किंमत भागिले एकूण वजन, म्हणजे युनिट व्हॅल्यू. २०२३-२४ मध्ये भारताची मसाला निर्यात साधारण १५.४ लाख टन आणि ३६,९५९ कोटी रुपयांची झाली, डॉलरमध्ये ४.४६ अब्ज. भागाकार केला तर किलोला २४० रुपये येतात. आता हे २४० रुपये कुठल्याही एका मसाल्याचा भाव नाही! त्यात धने आहेत, वेलची आहे, तयार मसाले आहेत, तेलं आणि ओलिओरेझिन (मसाल्यातून काढलेला दाट अर्क) आहेत, वर पुदिन्याचे पदार्थसुद्धा केंद्र सरकारचं स्पायसेस बोर्ड मसाल्यातच मोजतं. मिरचीची निर्यात वाढली आणि वेलचीची घटली तर सरासरी खाली येते, प्रत्यक्षात कुठल्याच मालाचा भाव पडलेला नसतो. माझ्या मते पेपरात "मसाल्याचे दर घसरले" अशा ज्या बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच या भागाकारातून जन्मलेल्या असतात.

आकडे शोधायचे तर एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या यादीतला मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. बहुतेक मसाले त्या यादीच्या नवव्या प्रकरणात आहेत: मिरी आणि मिरची ०९०४, दालचिनी ०९०६, लवंग ०९०७, जायफळ-जायपत्री-वेलची ०९०८, धने-जिरं-बडीशेप ०९०९, आलं-हळद-केशर ०९१०. हिंग मात्र तिथं सापडत नाही, तो झाडाचा चीक म्हणून १३०१ मध्ये डिंक-राळेच्या शेजारी बसलाय, आणि खसखस तेलबियांमध्ये १२०७ ला.

भाव कसा ठरतो हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते वेलचीत. हिरव्या वेलचीचा ई-लिलाव तमिळनाडूत बोडिनायकनूर आणि केरळात इडुक्कीतल्या पुट्टडी इथं स्पायसेस बोर्डाच्या केंद्रात होतो. खरेदीदार रांगेनं कॉम्प्युटरपुढं बसतात, प्रत्येक लॉटचा नमुना हातात येतो, तो हलवून, दाणा फोडून, वास घेऊन बघायचा आणि बटण दाबत बोली वाढवायची. लॉट संपला की पुढचा. रंग आणि आकार इथं पैसे ठरवतात: आलेप्पी ग्रीन एक्स्ट्रा बोल्ड म्हणजे ७ मिलिमीटर आणि त्यावरचा दाणा, त्याखाली बोल्ड, मग सुपीरियर. २०१८चा केरळचा पूर आणि त्याच्या मागोमाग पावसानं मारलेली दडी यानं पीक बसलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुट्टडीला एका लॉटला किलोला ७,००० रुपये लागले. बातमी सगळीकडं सात हजारांचीच झाली, पण तो त्या दिवसाचा कमाल भाव होता, सरासरी त्याच्या खूप खाली होती. लिलावाच्या तक्त्यात कमाल आणि सरासरी असे दोन रकाने असतात, व्यवहार करायचा तर सरासरीचा बघायचा. एवढ्या भावाला निर्यात कुठून परवडणार, कारण जगाला सगळ्यात जास्त वेलची ग्वाटेमाला विकतं आणि तिथली वेलची स्वस्त असते, शिवाय मधल्या काळात सौदीनं कीटकनाशकांच्या अंशांवरून आपला माल अडवलेला.

मिरीचं प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचं आणि खरं सांगायचं तर या सगळ्या विषयातलं सगळ्यात बोलकं. कोचीत मट्टनचेरीला मिरीचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आज ठरणारा सौदा, १९५७ पासून चालायचा, एके काळी जग मिरीचा भाव कोचीकडं बघून ठरवायचं. आता सगळ्यात मोठा उत्पादक आणि निर्यातदार व्हिएतनाम, त्यामुळं भाव तिकडून ठरून येतो. देशी मलबार मिरी त्याहून महाग, आणि देशात खपही मोठा, म्हणजे मिरीचा देश म्हणवणारे आपण बाहेरून मिरी आणतो. साधी आयात ड्युटी ७० टक्के, आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या आसियान करारातून व्हिएतनामला उतरत उतरत ५० टक्के, साफ्टाखाली (दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार) श्रीलंकेला ८ टक्के, आणि भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करारात वर्षाला २,५०० टनांपर्यंत शून्य.

हिशोब करून बघा. समजा मिरी बंदरात सीआयएफ ५५० रुपये किलोनं उतरली. नुसती मूळ ड्युटी धरली तर कुठलाही करार नसलेल्या देशाची ९३५ ला पडते, व्हिएतनामची ८२५ ला, श्रीलंकेची साफ्टातून ५९४ ला आणि कोट्यातून ५५० लाच. दाणा तोच, तिखटपणा तोच, फरक आहे तो सोबतच्या मूळ देशाच्या प्रमाणपत्राचा. मग व्हिएतनामची मिरी कोलंबोमार्गे श्रीलंकेची होऊन येते अशी कोडगू आणि केरळच्या मळेवाल्यांची तक्रार सुरू झाली आणि डिसेंबर २०१७ मध्ये सरकारनं किमान आयात किंमत लावली, सीआयएफ ५०० रुपये किलो. पुढच्या मार्चमध्ये त्याखालच्या मालाच्या आयातीवर सरळ बंदी. पण जिथं बाहेरचा भाव पाचशेच्या खूप खाली होता तिथं काही आयातदार कागदावर पाचशे दाखवून वरचे पैसे दुसऱ्या वाटेनं फिरवतात असे आरोप व्हायला लागले, म्हणजे कस्टम्सच्या नोंदीतला भाव हा मिरीचा भाव राहिलाच नाही, तो नियमाचा भाव झाला. युनिट व्हॅल्यू काढणाऱ्यानं त्या वर्षांचे आकडे जपून वापरावेत. ओलिओरेझिन काढून परत बाहेर पाठवणाऱ्या कारखान्यांचा हिशोब आणखी निराळा, ते हलकी मिरी निर्यातीच्या अटीवर ड्युटी न भरता आणतात.

कोचीच्या वायद्यानंतर मिरीचा वायदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारावर चालला, पण २०१२च्या अखेरीस गोदामातल्या हजारो टन मिरीत खनिज तेल सापडल्यावर अन्नसुरक्षा खात्यानं माल सील केला आणि त्या वायद्यातला जीवच गेला. जिरं (ऊंझा), हळद (निजामाबाद) आणि धने यांचे वायदे मात्र भावाचा इशारा म्हणून वापरले जातात.

जिऱ्याची २०२३ची तेजी अजून ताजी आहे. मागचा साठा कमी, मार्चमध्ये अवकाळी पाऊस, त्यात चीनची खरेदी, जुलैपर्यंत क्विंटल ६०,०००च्या वर गेलं. तेजी बघून गुजरात-राजस्थानात पेरा वाढला आणि २०२४च्या सुरुवातीला भाव निम्म्याखाली. या मालात सिरिया आणि तुर्कस्तान आपले स्पर्धक, त्यांचं पीक उन्हाळ्यात येतं, आपलं फेब्रुवारी-मार्चपासून, म्हणून ते येईपर्यंतचे महिने आपल्या निर्यातदाराचे.

हळदीत सांगली हे नाव मोठं. राजापुरी हळकुंड आणि गड्डा (हळदीचा मूळ गोल कंद) यांचे सौदे वेगवेगळे निघतात. हरिपूरची पेवं, म्हणजे जमिनीतले खोल खड्डे, ही जुनी साठवण, त्यात हळद किडीशिवाय टिकायची आणि भाव येईपर्यंत थांबता यायचं, २००५च्या पुरात त्यांचं मोठं नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. अलीकडं हिंगोली-वसमत पट्ट्यातली आवक एवढी वाढलीय की नुसतं सांगलीचा दर बघून महाराष्ट्राचा अंदाज बांधता येत नाही. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं, तेही निजामाबादला.

आयातीच्या बाजूला लवंग मादागास्कर, कोमोरोस, इंडोनेशियाकडून, दालचिनीच्या नावानं खपणारी जाड कॅशिया व्हिएतनाम-चीनकडून. हिंग तर सगळाच बाहेरचा, अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इथून वर्षाला सुमारे १,२०० टन, किंमत ६०० कोटींच्या घरात. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये हिंगाचं पहिलं रोप लावलं गेलं, पण झाड चीक द्यायला वर्षं घेतं. खसखशीत तर अफूचा कायदा मध्ये येतो, मुख्यतः तुर्कस्तानची आयात आणि तिचे करार ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडं नोंदवायचे. नोंदणी उघडली की भाव नरम, अडकली की कडक, शेतात काय चाललंय याच्याशी संबंध नंतरचा.

शेवटचा घटक लॅबचा. निर्यातीत सगळ्यात पुढं असलेली मिरची घ्या, गुंटूरची तेजा तिखटासाठी चीन-थायलंडला जाते, ब्याडगी रंगासाठी, तिचा रंग आस्टा युनिटमध्ये (अमेरिकी मसाला व्यापार संघटनेच्या मापात) मोजतात आणि भाव त्यावर ठरतो. युरोपला पाठवायची तर ॲफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), कीटकनाशकांचे अंश, इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायला वापरतात तो वायू) सगळं तपासायचं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं काही भारतीय तयार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडलं म्हणून कारवाई केली, मग स्पायसेस बोर्डानं तिकडं जाणाऱ्या मालाची आधी तपासणी सक्तीची केली. तपासणीचा खर्च आणि थांबलेले दिवस भावातच मिसळतात. कंटेनर परत आला तर जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, बंदरातला दंड सगळं अंगावर, आणि तोच माल मग देशी बाजारात, जो दर मिळेल त्याला.