दहा सेकंदांचं शेपूट

मावशीने फोन माझ्या हातात दिला तोच तक्रारीसकट. "झोपताना बॅटरी नव्वद टक्के असते, सकाळी बघते तर पासष्ट. आणि मी सगळी ॲप्स बंद करून झोपते रे!" तिने ते करूनही दाखवलं. खालचं चौकोनी बटण दाबलं, ॲप्सची चित्रं पत्त्यांसारखी ओळीने उभी राहिली आणि अंगठ्याने एकेक वर भिरकावत तिने बारा-तेरा पत्ते उडवले. मग समाधानाने फोन उशाशी ठेवला.

ही सवय फार जणांना आहे. चालू वस्तू बंद केली की वीज वाचते, हा विचार चुकीचा नाही, पण ते पत्ते म्हणजे जळत राहिलेले दिवे नव्हेत. बहुतेक ॲप्स नजरेआड झाली की थोड्याच वेळात फोन त्यांना गोठवून टाकतो. त्यांची माहिती तेवढी रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, पडून राहते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून सेकंदाला कित्येक वेळा पुन्हा भरावा लागतो. तिथे ॲपची माहिती असो की रिकामी जागा, ही भरणी चालूच असते. म्हणजे रॅम मोकळी करून काही वाचत नाही. उलट तेच ॲप पुन्हा उघडलं की सगळं नव्याने वाचून मांडावं लागतं आणि प्रोसेसरला जास्त काम पडतं. 'रॅम बूस्टर' आणि 'बॅटरी डॉक्टर' छापाची ॲप्स दिवसभर हेच करत बसतात, शिवाय जाहिराती दाखवतात. ती सरळ काढून टाका.

मग रात्रीत २५ टक्के गेले कुठे? ५००० मिलीॲम्पियर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. त्यातले २५ टक्के आठ तासांत संपले, म्हणजे रात्रभर सरासरी ०.६ वॅट खर्च झाला. नीट झोपलेल्या फोनचं पन्नासेक मिलीवॅटांत, म्हणजे ०.०५ वॅटात, भागतं. थोडक्यात, मावशी झोपली होती, फोन जागा होता.

फोनमधला मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, कसा झोपतो, ही मला या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ४जी नेटवर्कवर काहीच चालू नसताना तो आपला रेडिओ जवळजवळ पूर्ण बंद करतो आणि ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ दर १.२८ सेकंदाला एकदा, काही मिलीसेकंद कान उघडतो. "माझ्यासाठी काही आहे का?" नसेल तर पुन्हा झोप. कॉल आला तर टॉवर त्याच नेमक्या क्षणी साद घालतो, कारण फोन कधी ऐकणार हे दोघांमध्ये आधीच ठरलेलं असतं. झोपलेला फोन वाजतो तो असा.

आता एखाद्या ॲपला सर्व्हरकडे चार अक्षरं पाठवायची आहेत असं समजा. मोडेम उठतो, टॉवरशी बोलणी करतो, जोडणी उभी राहते, निरोप क्षणात जातो. पण जोडणी लगेच तुटत नाही. समोरचा "आणि हो, एक राहिलंच" म्हणेल म्हणून आपण फोन पटकन ठेवत नाही, तसंच नेटवर्क आणखी काही येईल म्हणून वाट बघतं. किती वेळ, ते नेटवर्क ठरवतं, पण दहाएक सेकंद सहज जातात. तेवढा वेळ मोडेम जागाच. क्षणभराच्या कामामागे लागलेलं हे दहा सेकंदांचं शेपूट.

समजा एक ॲप दर मिनिटाला असा निरोप पाठवतं. मिनिटातले दहा सेकंद शेपटात गेले, म्हणजे आठ तासांत ८० मिनिटं. त्या अवस्थेत फोनला १ वॅट लागतो असं धरलं, तर १.३ वॅट-तास, म्हणजे बॅटरीचे ७ टक्के. तेच ४८० निरोप एकत्र बांधून एकदाच पाठवले असते तर शेपूट एकच लागलं असतं! किती माहिती पाठवली यापेक्षा कितीदा उठवलं, याची किंमत मोठी. २०१५मध्ये अँड्रॉइड ६मध्ये 'डोझ' आलं ते याच हिशेबावर. फोन बराच वेळ पडून राहिला की ते ॲप्सची बारीकसारीक कामं रोखून धरतं आणि अधूनमधून एकदम उरकू देतं. एखाद्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' ठेवलं, की त्याला या शिस्तीतून बरीच सूट मिळते.

दुसरा भाग रेंजचा. मावशीच्या फोनच्या 'अबाउट फोन'मध्ये 'सिम स्टेटस' उघडलं. झोपायच्या खोलीत सिग्नल उणे ११६ डीबीएम, गॅलरीत उणे ८९. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. आकडे जवळचे वाटतात, पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे. दर १० डेसिबलला दहापट, म्हणजे २७ डेसिबलला १० चा २.७वा घात, खोलीतला सिग्नल गॅलरीतल्यापेक्षा सुमारे ५०० पट क्षीण. टॉवरचा आवाज आपल्याकडे जितका क्षीण होऊन पोचतो, साधारण तितकाच आपला तिकडे क्षीण होतो. म्हणून टॉवर फोनला सतत सांगत असतो, "अजून मोठ्याने." फोन आपली शक्ती वाढवत नेतो. ४जी फोनची नेहमीची कमाल मर्यादा २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलीवॅट. एवढी शक्ती अँटेनातून बाहेर पडायला बॅटरीतून तिच्या कितीतरी पट घ्यावी लागते, कारण ॲम्प्लिफायरमध्ये बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. खिशातला फोन उगाच कोमट लागतो तो बहुधा यामुळे. मर्यादा गाठल्यावरही भागलं नाही तर वेग उतरतो, तेच तेच पुन्हा पाठवावं लागतं आणि जागरण लांबतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोनच्या पाठीवर लावायची 'रेडिएशन शोषणारी' स्टिकर्स विकली जातात. त्यांनी खरोखर लहरी अडवल्या, तर टॉवरला फोन कमी ऐकू येईल आणि तो फोनला आणखी शक्ती लावायला सांगेल. म्हणजे बॅटरीही जास्त जाते आणि फोनमधून लहरीही जास्त निघतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लोकांना नेमका हाच इशारा दिलेला आहे. भीती विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

मावशीच्या बॅटरी वापराच्या यादीत स्क्रीन खाली होती. वर होतं 'मोबाइल नेटवर्क स्टँडबाय' आणि त्याखाली हवामानाचं एक ॲप, 'अनरिस्ट्रिक्टेड' करून ठेवलेलं. ते 'रिस्ट्रिक्टेड' केलं. त्याला अष्टौप्रहर लोकेशन बघायची परवानगी होती, ती 'फक्त वापरताना' केली. ईमेल दर पाच मिनिटांनी तपासलं जात होतं, ते तासावर नेलं. घरात वाय-फाय आहे, म्हणून वाय-फाय कॉलिंग चालू केलं, म्हणजे त्या खोलीत कॉलसाठी टॉवरला हाका मारत बसायला नको.

दिवसा वापरताना मात्र सर्वांत मोठा खर्च बहुतेकदा स्क्रीनचा. उजेड कमी करणं हा तिथला खरा उपाय. ओलेड स्क्रीनवर काळा पिक्सेल विझलेलाच असतो, म्हणून डार्क मोडचा उपयोग होतो, एलसीडीवर जवळपास नाही. आणि फोन तीन-चार वर्षांचा असेल तर बॅटरीच झिजलेली असू शकते. तेव्हा दाखवलेले १०० टक्के हे आक्रसलेल्या क्षमतेचे असतात आणि कुठलंही सेटिंग ती क्षमता परत आणत नाही. बॅटरी बदलावी लागते.

मावशीचा फोन दोन वर्षांचाच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा मेसेज आला, स्क्रीनशॉटसह. रात्री ९०, सकाळी ८५.